आग रामेश्वरी, मेल सोमेश्वरी

आमच्या आणि अप्पांच्या अंगणामध्ये मेंदीचं कुंपण आहे, कमरेएवढं. त्याला मधोमध एक भगदाड आहे. तिथून कढीपत्ता, कालचा पेपर, भडंगाचा डबा आणि गल्लीतल्या बातम्या यांची ने-आण चालते. भगदाड बुजवायचं दोन्ही घरांनी पंधरा वर्षांपूर्वी ठरवलंय. सांगलीत विश्रामबागेत अशी कुंपणं आता मोजकीच उरली. बाकी जिकडंतिकडं अपार्टमेंट, आणि अपार्टमेंटात गप्पा लिफ्टपुरत्या. तिसरा मजला येईपर्यंत बोलून बोलून काय बोलणार, पाऊस नाहीतर पाणी.

तर श्रावणातली गोष्ट. मी पूजेला फुलं काढत होते. पलीकडून अप्पा म्हणाले, "ताई, तुम्ही टेलिफोनात होता ना?"

हा प्रश्न आला की मी ओळखते, कुणाचंतरी काहीतरी बंद पडलंय. मी खात्यात लागले तेव्हा ट्रंक कॉल जोडत होते, नंतर कितीतरी वर्षं १९८ वर लोकांच्या तक्रारी घेतल्या. २००० सालच्या १ ऑक्टोबरला खात्याची कंपनी झाली, तीही टेबलावर बसूनच पाहिली. जिला तारेतलं कळतं तिला सगळ्यातलंच कळतं असं लोकांना वाटतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही थोडंसं तसंच वाटतं.

"मेल बंद आहे," अप्पा म्हणाले.

"पूर्ण?"

"नाही हो. येते, जाते. तिच्या मनात असलं तर."

झालं. पूर्ण मेलेली लाइन ही लाइनमनची लाडकी. तार तुटली, जोडली, चहाला मोकळा. खरा छळ असतो मधूनमधून जाणाऱ्या लाइनीचा. तक्रार आली म्हणून टेस्ट लावावी तर ठणठणीत. तक्रार काढून टाकावी तर संध्याकाळी तेच गृहस्थ पुन्हा फोनवर, शेजारच्या घरातून. डॉक्टरकडं गेलं की दुखायचं थांबतं, तशी गत.

अप्पा निवृत्त मुख्याध्यापक. माजी विद्यार्थ्यांनी शाळेची स्मरणिका काढायची ठरवलीय आणि संपादक अर्थातच हे. लेख येतात मेलवर, तेही संध्याकाळी, कारण माजी विद्यार्थी दिवसभर नोकऱ्या करतात. अप्पांचा टेबलावरचा जुना कॉम्प्युटर, त्यात मेलचा प्रोग्राम थंडरबर्ड. बसले की तो म्हणतो, सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. कंपनीचा मुलगा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सकाळी अकराला. फायबरच्या डब्यावरचे दिवे हिरवे, मोबाइलवर वेग मोजून दाखवला, "सगळं ओके आहे काका," तक्रार बंद. त्याचं तरी काय चुकलं? अकराला सगळं ओकेच असायचं.

मी माझ्या जुन्या सवयीनं उलटतपासणी घेतली. येणारी अडते की जाणारी? दोन्ही. हे विचारायचं कारण असं की मेलची दारं वेगवेगळी असतात. येणारी टपाल आणायला प्रोग्राम सहसा ९९३ नंबरच्या दारानं जातो आणि जाणारी टाकायला ५८७ नाहीतर ४६५ नं. एकच अडत असेल तर त्या दाराचं बघायचं. दोन्ही अडतात म्हणजे गडी मुळात अंगणातूनच बाहेर पडत नाहीय. मग विचारलं, मेल अडलेली असते तेव्हा बाकीचं चालतं का?

"चालतं की. पेपर उघडतो, व्हॉट्सॲप येतं, माईंची मालिका चालते."

हे उत्तर मी ऐकलं आणि खिशात घातलं. तिथंच मी फसले. कशी, ते पुढं सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही मला हसणार.

"अप्पा, एक वही करा," मी म्हटलं. "कधी गेली, कधी आली, वेळ घालून लिहा. बाकी काही लिहू नका."

मुख्याध्यापकाला वही करा म्हणणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं त्यांनी मस्टरच घातलं. 'सायं. ७.४०, गैरहजर. ८.२५, हजर. ८.५०, गैरहजर.' लाल शाईनं गैरहजर, निळ्यानं हजर.

आता ही बातमी कुंपणाच्या भगदाडातून गल्लीत गेली. मग काय, प्रत्येकानं आपापला रोग अप्पांच्या मेलला चिकटवला.

माईंचं म्हणणं मायक्रोवेव्ह. पापड भाजायला लावला की मेल जाते. हसू नका, हे बोलणं अगदीच अडाणी नाही. घरातला मायक्रोवेव्ह साधारण २,४५० मेगाहर्ट्झला चालतो आणि जुन्या वायफायचा पट्टा २,४०० च्या थोडा वर तिथंच. जुन्या मायक्रोवेव्हच्या दारातून जरा गळती झाली तरी वायफायच्या कानात शिट्टी वाजते. आम्ही प्रयोग केला. फायबरच्या डब्यापासून अप्पांच्या कॉम्प्युटरपर्यंत सरळ तार टाकली, म्हणजे वायफायचा प्रश्नच मिटला. त्या संध्याकाळी माईंनी ओळीनं पाच पापड भाजले. मेल ७.३५ ला गेली, पण ती पापडाच्या आधीच. मायक्रोवेव्ह निर्दोष सुटला, पापड आम्ही खाल्ले. आणि महत्त्वाचं म्हणजे तारेवरूनही मेल गेली, त्यामुळं वायफायही सुटलं.

कोपऱ्यावरच्या वहिनींचा मुलगा कॅनडात. त्यांच्याकडं उलटा प्रकार झाला होता. दोन ओळींची मेल जायची, नातवाच्या बारशाचे फोटो लावले की चक्र फिरत राहायचं. त्यांच्या मते अप्पांकडंही तेच. ते नव्हतं, पण वहिनींची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. माहिती तारेतून गठ्ठे बांधून जाते. घरातल्या जाळ्यात एक गठ्ठा १,५०० बाइटचा. पण बऱ्याच ब्रॉडबँडला नाव-पासवर्ड घालून जोडणी होते, पीपीपीओई म्हणतात ती. तिचं वेष्टण ८ बाइट खातं. राहिले १,४९२. पूर्ण भरलेला गठ्ठा त्या चौकटीतून निघत नाही. अशा वेळी वाटेतलं यंत्र उलटा निरोप धाडतं, की बाबा, पेटी मोठी झाली, लहान बांध. वहिनींच्या घरात कुणीतरी अतिहुशारीनं राउटरवर असले निरोपच बंद करून ठेवले होते. मग काय, चिठ्ठ्या फटीतून सुळकन बाहेर आणि पत्र्याची ट्रंक दारात अडकलेली, आणि आतल्या माणसाला पत्ताच नाही की अडकलीय. राउटरमध्ये १,५०० चं १,४९२ केलं, बारसं कॅनडात पोचलं. तोवर नातू रांगायला लागला होता.

बँकेतल्या दादांचं प्रकरण त्याहून साधं. त्यांची मेल एके दिवशी कॉम्प्युटरवर कायमची बंद झाली, मोबाइलवर चालू. त्यांनी राउटर बदलला. तीन हजार रुपये. खरं काय होतं, तर ३० मे २०२२ पासून गूगलनं नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या जुन्या प्रोग्रामांना दार उघडायचं बंद केलं. एक तर नव्या पद्धतीनं लॉगिन करा, नाहीतर १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्या. दादांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, राउटर जुना झालाच होता म्हणा.

माझ्या स्वतःच्या मेलचंही एक दुखणं होतं, आता सांगायला हरकत नाही. दुपारभर एकही मेल नाही आणि प्रोग्राम बंद करून उघडला की सात एकदम. हे मला पटकन कळलं, कारण ट्रंक एक्स्चेंजमध्ये हे आम्ही रोज करायचो. कोल्हापूरची पार्टी सोलापूरला जोडून दिली, दोघंही गप्प, तर लाइनीवर जाऊन विचारायचं, बोलताय का? नाही बोलत, तर तोडायची. तीन-तीन मिनिटांचा हिशेब असायचा, लाइनी थोड्या आणि बुकिंग ढीगभर. आताचे मेलचे प्रोग्राम सर्व्हरला फोन लावून मुकाट धरून बसतात, नवीन काही आलं तर सांग म्हणून. आयडल म्हणतात त्याला, म्हणजे नावातच रिकामं बसणं. बोलणं काहीच नाही. नियम असा की प्रोग्रामनं निदान २९ मिनिटांनी एकदा तरी हुंकार भरावा. पण घरातला स्वस्त राउटर असली गप्प लाइन त्याच्या आधीच विसरून जातो. प्रोग्रामला वाटतं लाइन धरलीय, सर्व्हरला वाटतं लाइन धरलीय, आणि मधल्या ऑपरेटरनं प्लग काढून ठेवलाय. मी दर पाच मिनिटांनी स्वतःहून जाऊन बघण्याची सोय लावली. रिसीव्हर धरून बसण्यापेक्षा पुन्हा डायल केलेला बरा.

पण अप्पांचं हे नव्हतं. अप्पांकडं तर बंद करून उघडल्यावरही कधी चालायचं, कधी नाही.

माझा संशय मग १९७ वर गेला. १९७ म्हणजे आमच्या वेळची चौकशी, नाव सांगा, नंबर घ्या. इंटरनेटवरही तेच चालतं. तुम्ही नाव टाकता, कुणीतरी त्याचा नंबर शोधून देतं, मग जोडणी. त्याला डीएनएस म्हणतात. कंपनीची चौकशी खिडकी संध्याकाळी गर्दीनं तुंबत असेल असा मी तर्क केला आणि अप्पांच्या कॉम्प्युटरला सांगितलं की यापुढं ८.८.८.८ ला विचारत जा. ती गूगलची खिडकी, २००९ च्या डिसेंबरपासून सगळ्यांना फुकट. हा उपाय मी केला गणपतीच्या आदल्या दिवशी.

आणि काय सांगू! हजर, हजर, हजर. पूर्ण सहा दिवस निळी शाई. गौरी आल्या, गेल्या, मेल एकदाही अडली नाही. अप्पांनी आरतीच्या वेळी चार लोकांत माझं कौतुक केलं. मी म्हटलं, छे हो, त्यात काय, पण आवाज मुद्दाम मोठा ठेवून. बँकेतल्या दादांना तर मी आपणहून जाऊन ८.८.८.८ लिहून दिलं, त्यांनी मागितलं नव्हतं तरी.

सातव्या दिवशी, सायं. ७.२०, गैरहजर.

तीन दिवस मी कुंपणाकडं फिरकले नाही. कढीपत्ता मंडईतून आणला.

चौथ्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून अप्पांचं घर आडवं दिसतं, वरच्या माडीसकट. माडीवर माईंच्या बहिणीचा नातू राहतो, बाळू. जूनपासून आलाय, वालचंदला पहिलं वर्ष. गावाहून येताना एक टेबल लॅम्प आणि एक जुनं राउटर घेऊन आला होता; आम्हीच भगदाडातून त्याचं सामान आत घेतलं होतं, फाटक अडलं होतं म्हणून. तर माडीवरचा तो लॅम्प लागला. मी भाकरी उलटली. आणि खालून अप्पांचा आवाज, "गेली! माई, गेली परत!"

तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

आता क्रमानं आठवायला लागले. बाळू जूनमध्ये आला, तक्रार आषाढापासून. बाळू सकाळी आठला कॉलेजला जातो, सातला येतो. कंपनीचा मुलगा अकराला यायचा. रविवारी दुपारीही गैरहजर असायची, रविवारी बाळू घरी. आणि गणपतीचे सहा दिवस? बाळू विट्याला घरी गेला होता! म्हणजे माझ्या ८.८.८.८ नं काही केलंच नव्हतं, आणि आरतीतलं कौतुक मी फुकट खाल्लं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तशीच पिठाच्या हातानं कुंपणाशी गेले. "अप्पा, उद्यापासून वहीत आणखी एक रकाना. माडीवर दिवा आहे की नाही." आणि त्यांना काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप करायला शिकवलं. मेल असताना काय आकडा येतो आणि नसताना काय, उतरून घ्या म्हटलं. अप्पांनी विचारलं, दिव्याचा आणि मेलचा काय संबंध? मी म्हटलं, दिव्याचा नाही, बटणाचा असेल.

दोन दिवसांत उत्तर वहीत होतं, मुख्याध्यापकी अक्षरात. हजर असताना १९२.१६८.१.१२. गैरहजर असताना १९२.१६८.०.१०३. शेवटून दुसरा आकडा बघा. एकदा एक, एकदा शून्य. एकाच घरात एकच माणूस दोन पेठांत राहत होता.

मग आम्ही माडीवर छापा घातला. अप्पा पुढं, मी मागं, माई जिन्यातून "हळू, पायरी निसटती आहे." बाळू अभ्यास करत होता, म्हणजे पुस्तक उघडं होतं. कोपऱ्यात एक्स्टेंशन बोर्ड. त्यात लॅम्प आणि शेजारी ते जुनं राउटर, दोन्ही एकाच बटणावर. खालच्या फायबरच्या डब्यातून एक तार खिडकीतून वर आलेली आणि राउटरच्या पिवळ्या भोकात खोचलेली.

"आजी, वर रेंज येत नव्हती," बाळू म्हणाला. "म्हणून लावलं."

लावलं ते ठीक. पण राउटर म्हणजे नुसता वायफायचा खांब नव्हे, तो घराचा दिवाणजी असतो. घरातलं कुठलंही यंत्र उठलं की हाळी देतं, मी आलो, मला पत्ता द्या. ही हाळी सगळ्या घराला ऐकू जाते. दिवाणजी पत्ता देतो आणि सांगतो, बाहेर जायचं तर माझ्या दारातून जा. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते असे घरगुती वापराचेच, १९९६ च्या नियमानं त्यासाठी राखून ठेवलेले. म्हणून तुमच्या घरीही तेच आणि माझ्या घरीही तेच. आता एका वाड्यात दोन दिवाणजी बसले. खालचा खरा, त्याच्यामागं इंटरनेट. वरचा बाळूबरोबर आलेला, त्याच्यामागं नुसती भिंत. हाळीला जो आधी ओ देईल त्याचा पत्ता यंत्र घेतं. खालच्याला शंभर कामं. वरचा रिकामटेकडा, तो पटकन ओ द्यायचा. पण नेहमीच नाही, आणि तिथंच सगळी गोम. अप्पांचा कॉम्प्युटर पाच वाजल्यापासून चालू असला तर त्याच्याकडं खालचा पत्ता असायचा, मेल हजर. अप्पा चहाला उठले, कॉम्प्युटर झोपला, सव्वासातला जागा होऊन त्यानं पुन्हा हाळी दिली, तर कोण ओ देईल ते नशीब. बंद करून चालू केलं की कधी चालायचं, कधी नाही, त्याचंही कारण हेच.

"पण माझ्या लॅपटॉपला कधीच प्रॉब्लेम आला नाही," बाळू म्हणाला.

यायचा कसा? पहिल्या दिवशी आलाच होता. तेव्हा त्यानं लॅपटॉपला हातानंच पत्ता घालून दिला, खालच्या दिवाणजीच्या पेठेतला, आणि विषय मिटवला. स्वतःपुरतं चाललं, बस. इंजिनिअरिंगला गेलेली मुलं पहिल्या वर्षी नेमकी एवढंच शिकून येतात, घरादाराला पुरेल एवढं धोकादायक. मी हे मोठ्यानं बोलले नाही. बोलले असेन थोडं.

आता ते मघाचं खिशातलं उत्तर. पेपर उघडतो, व्हॉट्सॲप येतं, मालिका चालते. अप्पा पेपर कशावर वाचत होते? मोबाइलवर. मोबाइल मोठा लबाड. वायफायमागं इंटरनेट नाही असं दिसलं की तो गुपचूप सिमच्या डेटावर उडी मारतो आणि कुणाला काही सांगत नाही. मालिका तर केबलवर! कॉम्प्युटरवर मेल अडलेली असताना त्याच कॉम्प्युटरवर पेपर उघडून बघा, एवढं एक वाक्य मी पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. बोलले असते तर कळलं असतं की मेल नव्हे, अख्खं इंटरनेटच गेलेलं आहे. मेल बिचारी दर दहा मिनिटांनी दार वाजवणारी, म्हणून बोंब तिनं मारली. आणि माई? माई महिनाभर कुंपणाशी कुरकुरत होत्या की घरात वायफाय असून रोजचा दीड जीबी संध्याकाळीच कसा संपतो. मी त्यांना म्हटलं होतं, रील बघणं कमी करा.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. वरच्या राउटरची पत्ता वाटायची सोय बंद केली, डीएचसीपीसमोरची बरोबरची खूण काढली की झालं. त्याला स्वतःला खालच्या पेठेतला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, म्हणजे पुढंमागं त्याच्यात शिरायचं झालं तर सापडावा. तार होती तिथंच ठेवली. आता तो नुसता खांब, रेंज देतो आणि गप्प बसतो. हे सगळं बाळूनंच केलं, मी फक्त खुर्चीवर बसून भडंग खात होते. जाता जाता ते ८.८.८.८ पण काढायला लावलं. ज्यानं काही केलं नाही त्याला उगाच कशाला ठेवायचं? दादांकडचं मात्र अजून तसंच आहे. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, तेव्हापासून फरक पडलाय.

बाळू तसा गुणी. काम करता करता त्यानं एक किस्सा सांगितला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात १९९० च्या दशकात संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी तक्रार केली, आमची मेल ५०० मैलांच्या पलीकडं जात नाही. मेल सांभाळणाऱ्याला वाटलं, चेष्टा करतायत; मेलला मैल कुठले आले? तपासलं तर खरंच. त्याचं झालं असं की कुणीतरी यंत्र अद्ययावत केलं आणि त्या भानगडीत मेलचा प्रोग्राम उलट जुना बसला. नवी सेटिंग जुन्याला वाचता येईनात, पलीकडच्याची वाट किती पाहायची तिथं शून्य पडलं. शून्य म्हणजे त्या यंत्रावर जेमतेम तीन मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश जातो साडेपाचशे मैल आणि वर थोडं. पलीकडचं उत्तर यायच्या आत हा फोन ठेवून द्यायचा. संख्याशास्त्राची माणसं, त्यांनी तक्रार करण्याआधी नकाशावर मोजमाप करून ठेवलं होतं, म्हणून सापडलं. अप्पांना हा किस्सा फार आवडला. ते म्हणाले, वही होती ना त्यांच्याकडं.

अप्पांची वही पुन्हा दुधाला लागली आहे. मस्टरची शेवटची नोंद मी पाहिलीय: 'रात्री ८.१०. दिवा चालू. हजर.' निळ्या शाईत, खाली दोन रेघा.

त्या हजर झालेल्या मेलमध्ये स्मरणिकेचे चार लेख होते आणि पाचवी मेल कंपनीची. आपली तक्रार आमच्या प्रतिनिधीनं सोडवली आहे, आपण सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? अप्पांनी कुंपणाशी येऊन मला विचारलं, किती देऊ? मी म्हटलं, तुमच्या मनाला विचारा. त्यांनी तीन दिले. म्हणाले, पोरगं दोन वेळा पावसातनं आलं होतं.